दोनशे बारावं कार्ड

१

देवीदास आंजर्लेकर आपल्या मुलीला कधीही एकदा हाक मारत नसत. "नुपूर, नुपूर, नुपूर," अशा लागोपाठ तीन. मग ती शेजारच्या खोलीत असो नाहीतर हाताच्या अंतरावर. दोह्यातल्या अल मुंतझा भागातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातली शिंकसुद्धा बाल्कनीत ऐकू जायची; तिथं तीन हाका म्हणजे लाउडस्पीकरच. खालचा केरळी दुकानदारही हसून विचारायचा, "नुपूर-नुपूर-नुपूर मॅडम, दूध चाहिए?"

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं.

"आमच्याकडे असंच असतं. एका हाकेला ओ द्यायची नाही. कोण मारतंय काय माहीत? आपलं माणूस असेल तर तीनदा मारील."

"बाबा, तुम्ही केमिकल इंजिनिअर आहात."

"म्हणूनच! एका रीडिंगवर मी कधी व्हॉल्व्ह उघडलेला नाही."

आई, विभावरी, पुण्याची. तिला हे सगळं खुळचट वाटायचं. ती एकदाच हाक मारायची. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून, खाली पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांच्या गलक्यावरून, "नुपूऽर". मधला स्वर लांबवून, शेवटी जरासा वर उचलून. त्या एका हाकेला नुपूर खेळ टाकून धावायची. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून नुपूरला कुणी एकदाच हाक मारली नव्हती.

नुपूर सव्वीस वर्षांची होती. स्टेडियम बांधणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. नकाशा कुणी पाठवला, कितवी आवृत्ती, कुणी तपासली, कोणती बाद झाली, हे सगळं रजिस्टरमध्ये चढवायचं तिचं काम. वर्ल्डकपला चार वर्षं उरली होती आणि दोह्यात प्रत्येक गोष्ट 'काल' हवी होती. अशी बाई घरी आल्यावर तीन-तीन हाकांना ओ देत बसेल का? ती "काय आहे?" म्हणायची, तेही चौथ्या हाकेची वेळ आली की. ओ देणं तिनं कॉलेजातच सोडलं होतं.

आणखी एक गोष्ट तिनं केली होती, जी देवीदासांना माहीत नव्हती. जर्मनीतल्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. पुढच्या ऑक्टोबरपासून. घरी मात्र तिनं सांगितलं होतं, की जर्मन शिकतेय ते ऑफिससाठी.

२

जर्मन शिकवणारे होते मिस्टर एगबर्ट. एगबर्ट होलेनरोडर, वय चौऱ्याहत्तर, भूजलाचे सल्लागार. दोह्यात कुठंही खोल खणलं की खालून खारं पाणी वर येतं. ते पंप लावून उपसत राहायचं, नाहीतर पाया पोहायला लागतो. किती पंप, किती दिवस, हे मिस्टर एगबर्ट सांगायचे. जानेवारीत त्यांचं कंत्राट संपत होतं. सौदा सरळ होता. त्यांनी नुपूरला जर्मन शिकवायचं, तिचे व्हिसाचे अर्ज दुरुस्त करायचे आणि त्यांच्या आडनावाच्या माणसांची कार्डं तिनं कंप्युटरवर चढवायची.

दर शुक्रवारी दुपारी ती बाबांची जुनी निसान घेऊन उम्म सलाल मोहम्मदला जायची. रस्त्यावर वीस मिनिटं आणि डायव्हर्शनमध्ये चाळीस. मिस्टर एगबर्टचा व्हिला गावाच्या कडेला होता. भिंतीपलीकडे भुयारी रस्त्याचं खोदकाम चालू होतं आणि तिथला डिझेल पंप दिवसरात्र धडधडत असायचा. फक्त सूर्य मावळताना डिझेलचा टँकर यायचा, तेव्हा दहाएक मिनिटं तो थांबे. मग कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

घरात सामान जवळजवळ नव्हतंच. एक लांब जेवणाचं टेबल, आठ खुर्च्या. टेबलाच्या पलीकडे स्वयंपाकघराकडे जाणारा चार पावलांचा बोळ. पांढऱ्या फरशा, चपलांचं एक रॅक. मिस्टर एगबर्ट नेहमी त्या बोळाकडे तोंड करून बसत.

"एकटा माणूस आणि आठ खुर्च्या?" तिनं पहिल्याच शुक्रवारी विचारलं होतं.

"नऊ मिळाल्या नाहीत," ते म्हणाले होते.

कार्डं दोनशे अकरा होती. प्रत्येकावर एक होलेनरोडर. नाव, कुणाचं मूल, कुठून निघालं, कुठं पोचलं. कुणी व्होल्गा नदीकाठी शेती करायला गेलेलं, कुणी हैफाला, कुणी पॅराग्वेला, कुणाला कझाकस्तानात नेऊन टाकलेलं. अडीचशे वर्षं ही माणसं नुसती चालत होती.

"सगळे होलेनरोड नावाच्या गावचे?"

"गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण देतं, मिस नुपूर? होलेनरोडमध्ये होलेनरोडर कधीच नव्हते. जो निघून गेला, त्याला पुढच्या गावानं ते नाव दिलं."

नुपूर हसली. "आमचंही तेच. आंजर्ल्यात राहतो त्याला आंजर्लेकर कशाला म्हणतील? पणजोबा कोकणातून निघून नाशिकला आले, तेव्हा झाले."

"तुम्ही पाहिलंय ते गाव?"

"नाही. बाबांनीही नाही."

"आमचंही आता नाही. जंगल आलंय तिथं." त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग तुम्हाला बोलावणं कुठून येतं?"

त्यांचं इंग्रजी मधूनच घसरायचं. तसंच काहीतरी असेल, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

३

चूक नुपूरची होती, आणि ती तिच्या धंद्यातली होती.

नवं रजिस्टर केलं की डॉक्युमेंट कंट्रोलर त्यात एक खोटी ओळ भरून बघतो. तारखा नीट बसतात का, प्रिंट कापली जात नाही ना. नवशिके त्यात 'एबीसी' लिहितात. नुपूर खरी माहिती लिहायची, कारण खरी नावं लांब असतात आणि रकाने तिथंच फुटतात. काम झालं की ओळ पुसायची. म्हणून दोनशे अकरा कार्डं चढवून झाल्यावर तिनं खाली एक ओळ घातली: नुपूर. देवीदास यांची मुलगी. नाशिकहून. दोह्यास. प्रिंट काढली, रकाने बरोबर होते, प्रिंट टेबलावर ठेवली. तेवढ्यात ऑफिसातून कुणाचा तरी फोन आला, कोणता तरी नकाशा 'काल' हवा होता. ओळ पुसायची राहिली.

पुढच्या शुक्रवारी पेटीत दोनशे बारा कार्डं होती.

"हे काय? मिस्टर एगबर्ट, ती टेस्टिंगची ओळ होती!"

"मी प्रिंटवरून पडताळतो. ज्याचं कार्ड नसेल त्याचं लिहितो. चाळीस वर्षं असंच करतोय." ते खरोखरच ओशाळले होते. "मला वाटलं तुम्ही विचार करून लिहिलंत."

"मी कशी होलेनरोडर असेन? काहीतरीच!"

तिनं ओळ पुसली. कार्डही फाडणार होती, पण हातात घेतल्यावर तिला शेवटचा रकाना दिसला. तो रिकामा होता. बाकीच्या कार्डांवर तिथं एक तारीख आणि वेळ लिहिलेली असायची. तिनं दोनशे अकरा वेळा ती टाइप केली होती आणि एकदाही नीट पाहिली नव्हती. रकान्याचं नाव होतं 'बोलावलं'.

म्हणजे मृत्यूची वेळ, तिनं मनाशी म्हटलं. आपल्याकडेही म्हणतातच की, वरून बोलावणं आलं. पण मग चार दहा, सात छत्तीस, पाच बावन्न? तिनं लॅपटॉप ओढला. सारातोव्ह, जून महिना. हैफा, नोव्हेंबर. असुन्सिओन, ऑगस्ट. डझनभर कार्डं तिनं सूर्यास्ताच्या तक्त्यांशी ताडून पाहिली. एकही वेळ पाच मिनिटांपेक्षा जास्त हलत नव्हती.

माणसं पहाटे मरतात, हॉस्पिटलात सगळे सांगतात. तिची आई पहाटे पाचला गेली होती. दोनशे अकरा माणसं, चार खंड, आणि एकालाही दुपार मिळू नये?

डेटा कुणीतरी नंतर बसवलाय, तिनं ठरवलं. हौशी म्हाताऱ्यांना असली सवय असतेच. बाबासुद्धा कुंडलीच्या वेळा अशाच बसवतात.

४

"तुमचं कार्ड कुठंय?" तिनं विचारलं.

मिस्टर एगबर्टनी पेटी उघडली आणि न शोधता एक कार्ड काढलं. एगबर्ट होलेनरोडर. ओटिलीचा मुलगा. जन्म एकोणीसशे चव्वेचाळीस. शेवटच्या रकान्यात, पंचेचाळीसचा जानेवारी, चार वाजून दहा.

"हा मी नाही," ते म्हणाले. "हा रस्त्यात गोठून गेला. महायुद्ध संपत आलं होतं, माणसं पूर्वेकडून पळत होती. दोन दिवसांनी ओटिलीला एका स्टेशनवर मी सापडलो. एक वर्षाचा असेन. तिच्याकडे लहान मुलाचे कपडे होते आणि नाव होतं. दोन्ही मला आले."

"मग तुमचं खरं नाव?"

"ते कुणाला माहीत असेल तर तो माणूस त्या स्टेशनवरच राहिला."

नुपूरला म्हाताऱ्यांच्या आठवणींचा कंटाळा होता. पण आज तिनं लॅपटॉप मिटला.

"ओटिलीला एक्याऐंशी साली बोलावलं," ते पुढे म्हणाले. "आम्ही स्वयंपाकघरात होतो. ती भांडी धूत होती. हाक मलाही ऐकू आली. तिनं हात पुसले, 'हिअर' म्हणाली, शाळेत हजेरीला म्हणतात तसं. किती खूश होती! आणि आत गेली. नंतर खोलीत पाहिलं तर..." त्यांनी हाताचा तळवा टेबलावर पालथा ठेवला. "मी तेव्हापासून प्रत्येक घरात संध्याकाळी बसतो. सगळ्यांना बोलावतात, मिस नुपूर. पण मला नाही. एगबर्टला त्यांनी कधीच आत घेतलंय. आता ते एगबर्टला कशाला बोलावतील?"

पंप थांबला.

एरवी अशा वेळी दूरच्या मशिदीतली बांग ऐकू यायची. तीही अजून सुरू झाली नव्हती. भिंतीपलीकडे टँकरच्या ड्रायव्हरनं नळी ओढली, तिचा खरखराट झाला. मग काहीच नाही.

"नुपूऽर."

बोळातून. मधला स्वर लांबवून, शेवटी जरासा वर उचलून.

तिची खुर्ची मागे सरकली होती. आपण उभ्या राहिलोय, हे तिला नंतर कळलं. ओठ उघडलेले होते, ओ तिथं येऊन थांबली होती, आणि ती थांबली कशामुळं? ज्या सवयीची तिनं जन्मभर टर उडवली होती तिच्यामुळं. तिचे कान आपोआप दुसऱ्या हाकेची वाट पाहत होते. मग तिसरीची.

त्या आल्या नाहीत. बोळात चपलांचं रॅक होतं. फजल, म्हणजे व्हिल्याचा ड्रायव्हर आणि राखणदार, बाहेर फाटकाशी नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत होता. फोन बंद. टीव्ही या घरात नव्हताच.

"पंप बंद झाला की कान वाजतात," ती मोठ्यानं म्हणाली.

मिस्टर एगबर्ट तिच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा रडणाऱ्या माणसाचा नव्हता. दुसऱ्याच्या नावचं पत्र हातात आलेल्या माणसाचा होता.

"ओटिलीचा आवाज होता," ते म्हणाले. "सदतीस वर्षांनी ऐकला. आणि तिनं तुमचं नाव घेतलं."

५

शनिवारी नुपूर आपली कारणं जुळवत बसली. झोप कमी, आईचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं, त्यात म्हाताऱ्याच्या गोष्टी. कारणं उत्तम होती. संध्याकाळी चार पंचेचाळीसला, इथं डिसेंबरात सूर्य मावळतो तेव्हा, ती ड्रायव्हिंग करत होती, काचा बंद, एसी चालू. हाक मागच्या सीटवरून आली. एकदाच.

रविवारी ऑफिसात, प्लॉटरनं नकाशा ओकता ओकता जरा थांबण्याच्या क्षणात. सोमवारी लिफ्टमध्ये. दर वेळी एकदाच, आणि दर वेळी आई जशी मारायची तशीच, वैतागाचा लवलेश नसलेली. पोहे झालेत, ये, एवढंच सांगणारी. भीती वाटायची ती नंतर, जिना चढताना, पाणी पिताना. त्या क्षणी मात्र तिला भीती वाटत नव्हती. त्या क्षणी तिला फक्त धावावंसं वाटायचं. याचीच तिला जास्त भीती वाटू लागली.

मंगळवारी ती मुद्दाम लवकर घरी आली. चार पंचेचाळीस वाजता बाबांसमोर बसलेली असले, की काय होतं ते बघू. देवीदास थालीपिठाचं पीठ मळत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि ट्रॅफिकबद्दल काहीबाही बोलू लागली.

"नुपूऽर."

बाल्कनीतून.

देवीदासांचे हात पिठात तसेच राहिले. ते वळले नाहीत. नळ टपकत होता, त्याचे थेंब दोघांनी मोजले असते तर सारखेच भरले असते.

"तू ऐकलंस?" ते म्हणाले.

"तुम्ही?"

"विभाचा आवाज आहे." "ओ देऊ नकोस."

"बाबा, ते म्हणजे काय आहे माहितीये का, ऑडिटरी..."

"असेल. जे असेल ते असेल. एकच हाक होती ना? मग ओ द्यायची नाही." मग पिठाकडेच बघत, "मला द्यावीशी वाटली. पण हाक मला नव्हती."

आई गेल्यापासून दोघं आईबद्दल बोलले नव्हते. तिच्या औषधांबद्दल, अस्थींबद्दल, कागदपत्रांबद्दल बोलले होते. त्या संध्याकाळी थालीपिठं करपली आणि दोघांनी ती करपलेलीच खाल्ली. नुपूरनं एका दमात कार्डाचं सांगितलं, मिस्टर एगबर्टचं सांगितलं. मग तिसरंही सांगायला तोंड उघडलं.

"ऑक्टोबर ना?" देवीदास म्हणाले. "प्रिंटरमध्ये पत्राचं दुसरं पान राहिलं होतं. डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणे!"

"तुम्हाला कधीपासून माहितीये?"

"दिवाळीपासून. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "जायचं तर जा गं. आम्ही नाही का निघालो? फक्त मी हाक मारली की ओ देत जा. फोनवर दिलीस तरी चालेल. हे जे तुझं 'काय आहे, काय आहे' असतं ना, त्यानं घरात कुणी आहे असं वाटत नाही."

"देईन," नुपूर म्हणाली. "नक्की देईन, बाबा."

"आणि शुक्रवारी जा आणि ते कार्ड घेऊन ये. फाडून टाक."

६

शुक्रवारी रस्ता पुन्हा एकदा बदललेला होता. नारिंगी पिंपांच्या रांगेतून वळत वळत ती पोचली तेव्हा चार वीस झाले होते. फजल फाटकाशी उभा होता.

"नुपूर मॅडम, आज लेट? साब सुबह से तैयार बैठे हैं."

मिस्टर एगबर्टनी सूट घातला होता. केस पाण्यानं चापून बसवलेले, बुटांना पॉलिश. शाळेच्या फोटोच्या दिवशी पोरं दिसतात तसे ते दिसत होते. पेटी टेबलावर होती. नुपूरनं ती उघडली. दोनशे अकरा.

"माझं कार्ड द्या."

त्यांनी कोटाच्या वरच्या खिशावर हात ठेवला.

"मिस्टर एगबर्ट, मी गंमत करत नाहीये. ते माझं नाव आहे."

"तुम्ही कधी वापरता ते?" त्यांचा आवाज अगदी हळू होता, त्यात भांडण नव्हतं. "वडील तीन-तीनदा हाका मारतात आणि तुम्ही ओ देत नाही. तुम्हीच हसत हसत सांगितलंत मला. माझ्याकडे जे आहे ते एका मेलेल्या पोराचं आहे, मिस नुपूर. ते मी सत्तर वर्षं जपलं. त्या नावानं एकदाही कुणी आतून बोलावलं नाही."

"म्हणून तुम्ही माझं घेणार?"

"ते फक्त नाव पुकारतात. कोण आलंय ते कोण बघतं?"

"आणि मी? मी काय करू नंतर?"

खरं म्हणजे त्यांनी हा विचारच केलेला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि नुपूरला इतका संताप आला की ती टेबलाला वळसा घालून सरळ त्यांच्या खिशाला हात घालायला निघाली. साठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला आपलं दुःख हीच जगातली एकमेव घटना वाटते! दोन पावलं राहिली होती.

पंप थांबला.

नळीचा खरखराट आज आला नाही. फजलचं खाकरणं नाही, एसीची घरघर नाही. तिला वास आला, ओल्या, नुकत्याच तोडलेल्या लाकडाचा. कतारमध्ये, डिसेंबरात, जिथं मैलभर झाड नव्हतं.

"नुपूऽर."

आणि यावेळी तिनं वळून बघितलं.

बोळ चार पावलांचा नव्हता. तो लांब गेला होता, आणि त्याच्या टोकाला एक दार अर्धवट उघडं होतं. आत तेलाच्या दिव्याचा पिवळा उजेड. एक टेबल, त्याच्याभोवती बसलेल्या माणसांच्या पाठी, खूप पाठी, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला किंचित कललेल्या. कुणीही मागे बघत नव्हतं. जेवायला सुरुवात करण्याआधी एखादं माणूस यायचं असलं की घरात जशी शांतता असते, तशी शांतता होती. दार एका बाईनं धरलं होतं. तिचा फक्त हात दिसत होता. कोपरापर्यंत पीठ लागलेला, आणि मनगटाशी हिरव्या बांगड्या.

आई गेली तेव्हा त्या बांगड्या नुपूरनंच काढल्या होत्या.

कान दुसऱ्या हाकेसाठी थांबले नाहीत. या वेळी ते विसरले. सहा वर्षं जिथं काहीच नव्हतं, तिथून ओ उठली, गळ्यात आली, जिभेवर आली...

"हिअर!"

मिस्टर एगबर्टनी हात वर केला होता. पहिल्या बाकावरच्या पोरासारखा, ताठ. आवाजही चौऱ्याहत्तर वर्षांचा नव्हता. ते तिच्या अंगावरून गेले, जवळजवळ धावतच, आणि त्यांचे पॉलिश केलेले बूट त्या लांब बोळात वाजत वाजत लहान होत गेले. दारातल्या बाईनं बाजूला होऊन वाट दिली. तिचा पिठाचा हात त्यांच्या डोक्यावर फिरला. आणि थांबला. अंधारात मुलाच्या केसांवरून हात फिरवताना, हे आपलं नव्हे, असं कळावं, तसा तो हात थोडा वेळ तिथंच राहिला.

मग दार बंद झालं.

भिंतीपलीकडे पंप धडधडायला लागला. बोळ चार पावलांचा होता. पांढऱ्या फरशा, चपलांचं रॅक. टेबलावर कार्ड पडलं होतं. नुपूर. देवीदास यांची मुलगी. शेवटच्या रकान्यात, जुन्या कार्डांवर असायचं तसल्याच बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात, आजची तारीख आणि चार सेहेचाळीस.

तिनं घड्याळ पाहिलं. चार सेहेचाळीस.

फजल आत आला. त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, बोळाकडे पाहिलं.

"साब गये? अभी अंदर से किसी ने बुलाया ना, मैंने भी सुना."

"किसको बुलाया?"

"नाम तो लिया था..." तो कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघत राहिला. दोन महिने दर शुक्रवारी फाटक उघडणारा फजल. "माफ करना, मॅडम. आपका नाम क्या है?"

७

तिनं कार्ड गाडीतच फाडलं. सोळा तुकडे केले आणि नारिंगी पिंपांमधून जाताना खिडकीबाहेर सोडून दिले. सगळं खलास. परत येताना समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर राष्ट्रीय दिनाचे झेंडे लागले होते, माणसं पोरांना खांद्यावर घेऊन फोटो काढत होती. तिला रडू येत होतं, आणि ते सुटकेचं नव्हतं. ती हाक आता पुन्हा येणार नव्हती. ती वापरून झाली होती, दुसऱ्याच कुणीतरी.

साडेसहाला ती घरी पोचली. देवीदास स्वयंपाकघरात होते, फोडणीचा वास जिन्यापर्यंत आला होता. ती पर्स टाकून जेवणाच्या टेबलाशी, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. बाबांनी विचारलं की सगळं सांगायचं. आधी मात्र दिलेला शब्द पाळायचा.

"नुपूर, नुपूर, नुपूर," आतून हाका आल्या.

"ओ!" ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तोंडातून निघताना ती जरा खरखरली.

आत कढईत झारा फिरत होता.

"नुपूर, नुपूर, नुपूर!"

"ओ, बाबा! आले ना मी. इथंच आहे."

देवीदास हात पुसत बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले, तिच्या डोक्यावर थोपटलं. सगळं नेहमीसारखं. मग ते तिच्या खुर्चीला वळसा घालून बाल्कनीच्या दाराशी गेले, कठड्यावर वाकले आणि खाली पार्किंगमध्ये बघत, काळजीनं, तिसऱ्यांदा म्हणाले,

"नुपूर, नुपूर, नुपूर?"

"ओ! बाबा! ओ!"

ती किंचाळली होती. खालचा दुकानदार वर बघायला लागला. देवीदास तसेच वाकून, कान देऊन उभे होते.

आणि तेव्हा, न्हाणीघराकडे जाणाऱ्या अरुंद बोळातून, फार लांबून, ओल्या लाकडाच्या वासाबरोबर, एक म्हातारा, आनंदानं फुटलेला आवाज आला.

"हिअर!"

देवीदासांच्या खांद्यांवरचा ताण उतरला. ते आत आले, त्यांनी दार लावून घेतलं.

"दिली बाई एकदाची ओ," ते म्हणाले. "आता बरं वाटलं."

त्यांनी ताट वाढलं. वरण, भात, वर तुपाची धार. मग ते नुपूरच्या समोरून नेऊन त्यांनी पलीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं, खुर्ची थोडी मागे ओढली, आणि बोळाकडे तोंड करून वाट बघत बसले.